हर्षाच्या ओटीपीचा कंट्रोलर

रविवार, ३ ऑगस्ट. सकाळी.

रोजनिशी आजपासून. एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये जन्म गेला, तिथे रोज डायरी भरली. कोणती गाडी उशिरा आली, का आली, ड्रायव्हर काय बोलला, सगळं. रिटायर झाल्यापासून भरण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

भाषा शुद्ध ठेवायची. आमचे साहेब म्हणायचे, निखारे, तुमचा आवाज रेडिओचा आहे, भाषा मात्र नागपूरच्या सक्करदऱ्याची. ती तक्रार इथे येऊ द्यायची नाही. बँकेचा विषय असल्यामुळे इंग्रजी शब्दांना सूट.

तर जबाबदारी. हर्षा (आमची एकुलती एक) नोकरीसाठी डब्लिनला गेली. आयर्लंड. तिचं बँकेचं खातं, क्रेडिट कार्ड, सगळं इथेच राहिलं. त्या सगळ्याची चावी म्हणजे तिचं इंडियाचं सिम. जाताना तिने ते जुन्या फोनमध्ये घालून माझ्या हातात दिलं. आईच्या नाही, माझ्या. तिने तिकडे कार्ड वापरलं की ओटीपी इकडे येतो. मी तो वाचून दाखवला की तिकडे व्यवहार पास. मी नाही तर काहीच नाही.

चंद्रकलेला (पत्नी) हे अजून नीट उमगलेलं नाही. ती म्हणते, एक फोन सांभाळता अन् बँक चालवल्यासारखे फिरता. मी हुद्दा मनातल्या मनात ठरवून टाकला: फायनान्शिअल कंट्रोलर, इंडिया.

त्याच दिवशी, दुपारी.

ओटीपी आला. आमच्याकडे रेंज फक्त बाहेरच्या ओट्यावर, तीही उभं राहिलं तर. गेलो. एका कानाला माझा फोन, त्यावर हर्षा. दुसऱ्या हातात तिचा फोन. पद्धतशीर सुरुवात केली. कृपया लक्ष द्यावे, ओटीपी क्रमांक सात, शून्य, चार. पूर्ण झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. दोनदा सांगायचं हा नियमच आहे. पहिल्यांदा माणूस नुसता दचकतो, दुसऱ्यांदा ऐकतो. सावनेरची गाडी दोनदा पुकारल्याशिवाय मी कधी सोडली नाही.

दुसऱ्यांदा पुकारेपर्यंत मुदत संपली. नवीन मागवला. त्याचंही तेच. मग हर्षा म्हणाली, बाबा, फक्त सहा आकडे सांगा, पुढेमागे काही लावू नका. नुसते आकडे सांगितले तर सांगणाऱ्याची किंमत काय राहते? तरी पोरीसाठी सांगितले. व्यवहार यशस्वी. समोरच्या ओट्यावरून गोविंदा (शेजारी, शिवणकाम करतो) म्हणाला, मारोतराव, आमाले पण पाठ झाला. त्याला म्हटलं, हे गोपनीय असते गा.

आता महत्त्वाचं. हर्षा दिवाळीला येणार! तिच्या या कार्डावर विमानाच्या तिकिटांची ऑफर आहे, पंधरा ऑगस्टला सुरू, महिनाअखेर बंद. शिवाय कार्डावर पॉइंट साठले आहेत. म्हणजे तिकीट अर्ध्यात. तिकडच्या कार्डाने काढायचं तर दिवाळीत परवडत नाही. म्हणाली, बाबा, त्या दिवशी फोन तेवढा जवळ ठेवा. मी म्हटलं, निर्धास्त राहा. एवढ्यात तिला दुसरा फोन आला.

चंद्रकलेने विचारलं, पोरगी जेवली का, खोकला गेला का. मी तिला समजावून सांगितलं की ऑफिशियल कॉलवर मी घरगुती विषय काढत नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट.

पंधरा तारखेची तयारी. संकल्प:
फोन सतत चार्ज.
फोन सतत अंगावर.
आवाज खालच्या पट्टीत.

आज मॉक ड्रिल घेतली. चंद्रकलेने मोरीजवळून कोणतेही सहा आकडे सांगायचे, मी ते ओट्यावर जाऊन वाचायचे. तिने सहाच्या सहा वेळा एकच आकडा सांगितला आणि म्हणाली, मले भाजी निसायची आहे. स्टाफचं सहकार्य नसतं तेव्हा कंट्रोलरनेच सगळं ओढून न्यावं लागतं. ते माझ्यासाठी नवीन नाही.

हर्षाच्या खोलीला रंग द्यायचा ठरवला. ही समोरची खोली. माझ्या वडिलांचा हातमाग इथेच होता. मागाचा खड्डा बुजवून मी फरशी घातली आणि पोरीचं टेबल मांडलं. रंग हलका निळा. रंगारी उद्यापासून.

सोमवार, ११ ऑगस्ट.

आज मोठा फ्रॉड उधळला. 

सकाळी हर्षाच्या सिमवर फोन. एक बाई, आवाज गोड. म्हणे, मी बँकेतून धनश्री बोलते, हर्षा निखारे यांची केवायसी राहिली आहे, त्या परदेशात आहेत का, पत्ता बदलला का, नाही केलं तर खातं आणि कार्ड बंद पडेल. मी ओळखलंच. फोन लावताना आधी फ्रॉडपासून सावध राहण्याची जी सूचना वाजते, ती मी एकटाच माणूस असेन जो पूर्ण ऐकतो. बाईला धरून ठेवलं आणि चांगलं झापलं. इतकं की शुद्ध भाषेचा संकल्प त्या वेळेपुरता बाजूला ठेवावा लागला. म्हटलं, तुह्या मायबापाले माहीत हाय का वं तू काय धंदे करून राहिली थे? पोलिसात देईन म्हटलं. बाई काहीतरी सांगत होती, मी सांगू दिलं नाही. नंबर ब्लॉक.

गोविंदाने ओट्यावरून टाळ्या वाजवल्या. गल्लीत तीन घरी जाऊन मी स्वतः माहिती दिली, जनजागृती म्हणून. हर्षाला कळवलं नाही. पोरीच्या डोक्याला कशाला ताप?

बुधवार, १३ ऑगस्ट.

तीच टोळी आता मेसेज पाठवते. कार्ड तात्पुरतं थांबवलं आहे, शाखेत संपर्क करा. काय हिंमत! डिलीट.

खोलीचा रंग पूर्ण. थोडा जास्तच निळा झाला. चंद्रकला म्हणते, बसस्टँडच्या मुतारीसारखा दिसते. तिने तिथली मुतारी कधी पाहिली, हा प्रश्नच आहे.

शुक्रवार, १५ ऑगस्ट.

सकाळपासून ओट्यावर. खुर्ची, स्टूल, स्टुलावर फोन, चार्जरची वायर खिडकीतून बाहेर ओढलेली. आंघोळ करून, इस्त्रीचा बुशशर्ट घालून बसलो. झेंडावंदनाला गेलो नाही, हीसुद्धा सेवाच.

दुपारी हर्षाचा फोन. आता ओटीपी येईल बाबा. म्हटलं, येऊ दे. आला नाही. तिने पुन्हा केलं. आला नाही. फोन उलटा केला, हलवला, ओट्याच्या टोकाला जाऊन हात वर करून धरला. तिकडे तिच्या स्क्रीनवर आलं की कार्ड चालत नाही.

ती म्हणाली, बाबा, बँकेतून काही फोन, मेसेज वगैरे आला होता का?
मी म्हटलं, खरा असा एकही नाही.

हे पूर्णपणे सत्य आहे. निदान माझ्या माहितीप्रमाणे.

तिचा आवाज उतरला. म्हणाली, महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, तुम्ही शाखेत जाऊन विचाराल? विचाराल काय म्हणते! धडा शिकवून येतो.

सोमवार, १८ ऑगस्ट.

शाखेत गेलो. परदेशी खात्यांचं टेबल कोपऱ्यात. मी म्हटलं, नमस्कार, माझी कन्या हर्षा निखारे हिच्या कार्डाबाबत तक्रार नोंदवायची आहे. टेबलामागच्या मॅडमने मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. टेबलावर पाटी: धनश्री.

आवाज ही देवाची देणगी आहे, पण कधीकधी नडते.

मॅडम म्हणाल्या, काका, माझे आईबाबा मजेत आहेत, चौकशी केल्याबद्दल धन्यवाद. बाजूच्या टेबलावरचा माणूस ड्रॉवरमध्ये तोंड घालून हसत होता. मी म्हटलं, छान, छान, तब्येत सांभाळा म्हणावं. दुसरं काय बोलणार?

विषय असा आहे. माणूस परदेशी नोकरीला गेला की त्याचं साधं खातं साधं ठेवता येत नाही, त्याचं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करावं लागतं. आमचं झालेलं नाही. केवायसीची मुदतही गेली. म्हणून कार्ड थांबलं. त्यासाठीच त्या फोन करत होत्या. मी म्हटलं, आता उपाय? त्या म्हणाल्या, हर्षाने स्वतः पासपोर्ट घेऊन शाखेत यावं लागेल. नाहीतर व्हिडिओ कॉलवरही होतं, त्यासाठी ॲपमधून...

पुढचं मी विशेष ऐकलं नाही. स्वतः यावं लागेल. हे ऐकून मला एकदम बरं वाटलं, का ते सांगता येत नाही. बँकेचाच हुकूम म्हटल्यावर पोरीलाही यावंच लागणार. ऑफिसने सुट्टी नाकारली तर सांगता येईल, बँकेचं काम आहे.

व्हिडिओच्या भानगडीत पडायचं नाही. आपल्याकडे रेंज कुठे आहे?

मंगळवार, १९ ऑगस्ट.

हर्षाला रिपोर्ट दिला. बँक म्हणते तुला स्वतः यावं लागेल, दुसरा रस्ताच नाही.

ती म्हणाली, बाबा, यायला तिकीट लागतं. तिकिटाला कार्ड लागतं. आणि कार्डासाठी मी यायचं?

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, बघ, बँकेपुढे कोणाचं चालते? ती म्हणाली, दुसरा काहीच मार्ग नाही म्हणाले का ते? खात्रीने? मी म्हटलं, नेटवर्कमध्ये गडबड आहे, आवाज तुटतो आहे. आवाज अजिबात तुटत नव्हता. ओट्यावर आज चार कांड्या होत्या.

गुरुवार, २१ ऑगस्ट.

या घरात माझ्या पाठीमागे कारभार चालतो. चंद्रकला पासबुक भरायला म्हणून गेली आणि धनश्री मॅडमजवळ बसून चहा पिऊन आली. आल्या आल्या मला म्हणाली, अजी, व्हिडिओवर होते म्हणते थे बाई. तुमाले सांगतलं होतं म्हणते. तुमी पोरीले काहून नाही सांगतलं?

मी म्हटलं, विसरलो.

म्हणाली, सावनेरच्या गाडीचा टाइम अजून पाठ आहे तुमाले, अन् हे तीन दिवसांत विसरले?

यावर मी पेपर वाचायला घेतला. तिने माझ्यासमोरच हर्षाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. हर्षा माझ्यावर चिडली नाही. ॲपमधून मीच बघते म्हणाली आणि फोन ठेवला. त्यापेक्षा चिडली असती तर बरं झालं असतं.

पेपर उलटा धरला होता असं चंद्रकला म्हणते. अतिशयोक्ती.

शनिवार, २३ ऑगस्ट.

मारबतीचा (इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा) दिवस. हर्षाने काल रात्रीच ॲपमध्ये फॉर्म भरून ठेवला. आज शेवटी एक ओटीपी टाकला की अर्ज बँकेत जमा. वेळ ठरली नव्हती. घरी बसून राहावं की जावं? विचार केला: फोन अंगावर आहे, चार्ज आहे, बाहेर तर रेंज जास्तच असते. आणि चाळीस वर्षांत एक मारबत चुकवली नाही. गोविंदाबरोबर इतवारीत गेलो.

गर्दी मरणाची. काळी मारबत पुढे निघालेली, मागून बडगे (पुरुषांचे पुतळे), ढोल. नेमका तेव्हाच खिशात फोन थरथरला. एका कानाला हर्षा. ती म्हणाली, बाबा, लवकर. काहीच ऐकू जात नव्हतं. मग मी केलं ते कोणीही अनुभवी माणूस करेल: पोटातून आवाज काढला.

नऊ!

आजूबाजूची पोरं ओरडली, घेऊन जाय गे मारबत!

दोन!

घेऊन जाय गे मारबत!

त्यांना वाटलं हा बुढा दरवर्षीसारखं काहीतरी पुकारून राहिला. महागाई घेऊन जा, रोगराई घेऊन जा, तसं. मी पाच म्हटलं तर पन्नास माणसं ओरडली. पुढे तर ढोलवाल्याने ठेकाच धरला. मी हातवारे करून थांबा म्हणत होतो, तर तेसुद्धा हात वर करून नाचायला लागले. गोविंदा सर्वांत पुढे. मुदत संपली. दुसरा आला, तोही मारबत घेऊन गेली. तिसऱ्यांदा चुकला आणि अर्ज एका दिवसासाठी लॉक झाला.

हर्षा तिकडे हसत होती की रडत होती, गर्दीत कळलं नाही.

रविवार, २४ ऑगस्ट.

हसत नव्हती.

आज शांतपणे बोलली. म्हणाली, बाबा, मी नंबर बदलून घेते. बँक आयर्लंडचा नंबर पण चालवून घेते. ओटीपी सरळ माझ्याच फोनवर येईल, तुम्हाला त्रास नको.

मी म्हटलं, मले काय त्रास?

ती म्हणाली, तुम्हाला दुपारी झोपता येत नाही, आई म्हणते.

मले झोपायचं नाही वं, असं मी म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, ठीक आहे, प्रशासनाच्या दृष्टीने सोयीचं होईल.

संकल्प: वाईट वाटून घ्यायचं नाही. हा साधा बदल आहे. कंट्रोलमध्येही मशिनवरची अनाउन्समेंट आली तेव्हा मी स्वतः बटण दाबून उद्घाटन केलं होतं.

मंगळवार, २६ ऑगस्ट. दुपारी तीन.

धनश्री मॅडमनी व्हिडिओवर तिचा पासपोर्ट वगैरे पाहिला, अर्ज पास झाला. नंबर बदलण्यासाठी जुन्या सिमवर एक शेवटचा ओटीपी येणार, तो तेवढा सांगायचा.

ओट्यावर उभा राहिलो. गल्लीत शांतता. उद्या गणपती बसणार म्हणून सगळे बाजारात, गोविंदासुद्धा. फोन आला, आकडे आले. कृपया लक्ष द्यावे म्हणालो नाही. दोनदा सांगितलं नाही. आवाज खालच्या पट्टीत. सहा आकडे, सुटे सुटे.

पहिल्याच खेपेत पास.

हर्षा म्हणाली, वा बाबा! बघा, जमलं ना?

इतक्या दिवसांत पहिल्यांदा एका दमात जमलं, आणि तेही नेमकं हेच. फोन ठेवल्यावर मी तिथेच उभा होतो. चंद्रकलेने चहा बाहेर आणून दिला.  

सोमवार, १ सप्टेंबर.

नंबर बदलला की सुरक्षा म्हणून बँक काही दिवस कार्डावर मोठा खर्च होऊ देत नाही, असा नियम निघाला. मोठा म्हणजे विमानाच्या तिकिटाएवढा. ते दिवस कधी संपतात? आज. ऑफर कधी संपली? काल.

आज तिकिटाचा भाव हर्षाने सांगितला. मी म्हटलं, नको बेटा. ती म्हणाली, उन्हाळ्यात बघते बाबा. उन्हाळ्यात इथे कोण येतं? कूलरही तापतो.

दोष कोणाचा हे तपासलं पाहिजे. बँकेचा नियम, ऑफरची मुदत, मारबतीची गर्दी, रेंज. सगळं लिहून काढलं. मग पाहिलं की मॅडमचा फोन ब्लॉक केला कोणी? मी. व्हिडिओचं लपवलं कोणी? मी. पोरगी लवकर यावी म्हणून लपवलं आणि त्यातच यायची राहिली. आता काय डोंबल लिहायचं?

गल्लीत सगळ्यांना सांगून बसलो होतो की हर्षा येऊन राहिली. ज्याला त्याला पुन्हा सांगत फिरावं लागेल, गाडी रद्द. लोक केबिनच्या खिडकीवर येऊन शिव्या द्यायचे तेव्हा मी म्हणायचो, माझ्या हातात काय आहे? इथे तर माझ्याच हातात होतं.

रविवार, १४ सप्टेंबर.

सिमचा फोन रोज चार्ज करतो. सवय. परवा टुंग वाजला, धावत ओट्यावर गेलो. रिचार्ज संपत आल्याचा मेसेज. रिचार्ज करून आलो.

चंद्रकला म्हणाली, बंद सिमले कायले खाऊ घालता?
मी म्हटलं, इमर्जन्सीले.

हर्षा चंद्रकलेच्या फोनवर बोलते, रविवारी. लांबलचक. खोकला, भाजी, शेजारीण, कोणाचं लग्न. मग म्हणते, बाबांना दे. मी फोन घेतो, उभा राहतो. ती म्हणते, बोला बाबा. मी म्हणतो, बाकी ठीक? ती म्हणते, ठीक. मी म्हणतो, घे, आईले देतो. संपलं.

शुद्ध-बिद्ध राहू दे, खरं लिहितो. मले करमत नाही. त्या ओटीपीच्या निमित्तानं पोरीचा आवाज दोन-तीन दिवसांआड कानावर पडत होता. दोनदा काहून सांगायचो, तर तेवढीच जास्तीची गोष्ट व्हायची.

चंद्रकला म्हणते, मंग तुमीच लावा ना फोन, कोनी धरलं हाय? लावा म्हणते. पण काय म्हणून लावू? काम काय सांगू?

मंगळवार, ३० सप्टेंबर.

संकल्प: उद्या स्वतःहून फोन करायचा. विषय: तिकडची थंडी.

बुधवार, १ ऑक्टोबर.

केला. थंडी पडली म्हणाली. विषय संपला.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनतेरस.

सकाळी हर्षाच्या खोलीत पणती लावायला गेलो. निळा रंग आता बरा वाटतो.

दुपारी दारात डिलिव्हरीवाला. हर्षाने ऑनलाइन पार्सल पाठवलं, दिवाळीचं. खोकं मोठं. मी हात पुढे केले तर तो म्हणाला, काका, ओटीपी सांगा. मी म्हटलं, कोणता ओटीपी? म्हणाला, ज्यानं ऑर्डर केली त्याच्या फोनवर आला असेल.

म्हणजे डब्लिनला!

माझ्या फोनवरून हर्षाला लावला. उचलल्या उचलल्या हसायला लागली. म्हणाली, बाबा, तयार? आणि माझ्याच आवाजात, माझ्याच ठेक्यात पुकारलं: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, ओटीपी क्रमांक... लहानपणी केबिनमध्ये माझ्या टेबलावर बसून असंच करायची. मी ऐकतच राहिलो. आकडे लक्षात राहिले नाहीत.

म्हटलं, पुन्हा सांग. तिने सांगितले. म्हटलं, थांब, पेन आणतो. पेन आणला. मग चष्मा. तेवढ्यात ती विचारत होती, बाबा, पणती लावली का, रंग कसा दिसतो, तुम्ही जेवले का. सगळं सांगितलं. रंगाबद्दल आईचं काय मत आहे तेही सांगितलं. ती पोट धरून हसली. तिकडे काल तिच्या ऑफिसात कोणीतरी तिच्या डब्यातली सांबारवडी (कोथिंबिरीची) खाऊन हात जोडले, ते तिने सांगितलं. मी विचारलं, कोथिंबीर मिळते का तिकडे? मिळते म्हणाली, पण आपल्यासारखी नाही. डिलिव्हरीवाला मधेमधे म्हणत होता, काका, आकडे. मी दिले. चुकले. पुन्हा दिले. एक इकडचा तिकडे झाला. तिसऱ्यांदा त्याचं मशीन म्हणालं, बस.

खोकं परत गेलं. आत काय होतं माहीत नाही. हर्षा सांगायला तयार नाही.

चंद्रकला दारातून सगळं पाहत होती. म्हणते, अजी, पेन तर खिशातच होता तुमच्या. अन् चष्मा नाकावर. मुद्दाम केलं तुमी.

छे. मी कायले मुद्दाम करू?

तो उद्या दुपारी पुन्हा येणार आहे. म्हणजे हर्षाला उद्या पुन्हा फोनवर यावं लागेल. फोन चार्जिंगला लावला आहे.